एकोणिसावा संदर्भ

या गोष्टीतले संदर्भ मी शेवटी एकत्र देणार नाही. जिथल्या तिथे, वाक्याचा हात धरून देणार आहे. वाक्य आणि त्याचा संदर्भ यांची एकदा ताटातूट झाली की काय होतं ते मी पाहिलंय. पाहिलंय कसलं, केलंय.

आमची सूनबाई गुडघ्यांची डॉक्टर आहे. इस्पितळात चार वर्षं हंगामी. कायम व्हायचं तर नावावर एक छापलेला किंवा निदान छापायला स्वीकारलेला शोधनिबंध पाहिजे, असा तिथला नियम. निबंध तिनं लिहिला होता. गुडघ्याला मार लागला की माणसाला झोपवून ठेवावं की लवकर चालतं करावं, असा प्रश्न. आणि चालतं करावं, असं तिचं उत्तर. मासिकानं तो वाचला, आवडल्याचं कळवलं, मजकुरात चार दुरुस्त्या सुचवल्या आणि खाली एक ओळ लिहिली: संदर्भसूची आमच्या पद्धतीनुसार नाही, दहा दिवसांत दुरुस्त होऊन न आल्यास लेखकाने निबंध मागे घेतला असे समजण्यात येईल. नेमणुकांची बैठक महिनाअखेर होती. ती हुकली की पुढची वर्षानं.

संदर्भ त्रेचाळीस होते. आणि घरात मी होतो.

मी म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. एकतीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात कार्डं लिहिली. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, पानं. माझ्या हातचं एक कार्ड चुकलेलं दाखवा, असं मी निरोप समारंभात म्हणालो होतो आणि कुणी दाखवलं नव्हतं. (दोन जण उठले होते, पण ते चहासाठी.)

"दे इकडे," मी म्हणालो. "दुपारभराचं काम आहे."

"बाबा, त्यांचे नियम जरा किचकट आहेत."

"नियम," मी म्हणालो. पोहणाऱ्याला कुणी पाणी ओलं असतं म्हणून सांगितलं तर तो ज्या चेहऱ्यानं बघेल, त्या चेहऱ्यानं फक्त बघितलं.

"यांची दुपार मला माहितीये," आतून आवाज आला. "नळाचा वायसर बदलायला दुपारीच बसले होते. महिनाभर बादलीनं पाणी आणत होते मी."

संदर्भ १. आमची ही. स्वयंपाकघरातून, पाठमोरी. वैयक्तिक संवाद.

हे 'वैयक्तिक संवाद' प्रकरण मी त्या मासिकाच्या नियमावलीतूनच शिकलो. नियमावली चौतीस पानांची. छापील पुरावा नसेल, गोष्ट कुणाच्या तोंडून कळलेली असेल, तर ती सूचीत घालायची नाही. मजकुरातच कंसात त्या माणसाचं आडनाव, आद्याक्षरं आणि हे दोन शब्द लिहायचे. मला ही सोय फार आवडली. आमच्या घरातलं सगळं ज्ञान याच सदरात मोडतं.

बाकीचे नियम असे: आधी आडनाव, मग आद्याक्षरं, आद्याक्षरांपुढे टिंब नाही. मासिकाचं नाव पूर्ण लिहायचं नाही, ठरलेल्या लघुरूपात लिहायचं. सालानंतर अर्धविराम, अर्धविरामानंतर जागा नाही. आणि लेखक सहाच. सातव्यापासून पुढचे सगळे 'आणि इतर'.

या सातव्यापाशी मी अडलो. चौदाव्या संदर्भाला सात लेखक होते. सहा जण नावानिशी मिरवणार आणि सातवा एकटाच 'इतर'. बिचाऱ्यानं वर्षभर लोकांचे गुडघे मोजले असतील. नातेवाइकांना सांगून ठेवलं असेल की नाव येणार आहे म्हणून. मी मासिकाच्या कचेरीत फोन लावला.

"सहाच, काका," पलीकडची बाई म्हणाली.

"पण इथे एकच माणूस उरतोय. 'इतर' म्हणजे निदान दोघं तरी हवेत."

"मग त्यांना सांगा, पुढच्या वेळी रांगेत लवकर उभे राहा."

संदर्भ २. मासिकाची कचेरी. दूरध्वनी. चौथ्या प्रयत्नात.

आमच्या इमारतीत बातमी राहत नाही, वाहते. दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातले वकीलसाहेब चष्मा पुसत आले. "तळटीप द्या," ते म्हणाले. "आणि जमेल तिथे 'उपरोक्त' घाला. उपरोक्तसारखा शब्द नाही. एकदा घातला की समोरचा पानं उलटत बसतो आणि आपण जेवून येतो." खाली औषधांचं दुकान आहे, तिथले दुकानदार म्हणाले, "मासिकांची लघुरूपं ना? आणा. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात आयुष्य गेलं माझं, हे तर छापील आहे." त्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लावून दिली. घरी येऊन पडताळली तर त्यांतली तीन मलमांची नावं निघाली.

तरी चौथ्या दिवशी काम झालं. टिंबं गेली, अर्धविराम आले, सातवा माणूस इतरांत गेला. मी यादी टेबलावर ठेवून लांबून बघितली.

आणि मला कसंतरी झालं.

यादी अकारविल्हे नव्हती. प नंतर अ, अ नंतर स, मग पुन्हा प. एखाद्या घरात शिरावं आणि चपला गादीवर, उशा दारात असाव्यात, तसं. मी उठून पाणी प्यालो. परत आलो तरी अ दुसराच होता. सूनबाई हुशार आहे, पण डॉक्टर लोकांना हे शिकवत नसावेत, असा विचार केला आणि तिला न सांगता, तेवढीच तिला मदत म्हणून, यादी अकारविल्हे लावली. नवे आकडे घातले, एक ते त्रेचाळीस.

इथे जाणकार वाचक कपाळाला हात लावेल. बाकीच्यांसाठी सांगतो. मजकुरात प्रत्येक वाक्यामागे एक आकडा होता आणि तो यादीतल्या जुन्या क्रमाचा होता. संदर्भ मजकुरात येतील त्याच क्रमाने द्यावेत, असा नियमही होता. तो सव्विसाव्या पानावर होता. इतका महत्त्वाचा नियम जे लोक सव्विसाव्या पानावर लपवतात त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

ही गोष्ट उघडकीला आणली वकीलसाहेबांनी. "बघू तुमचे साक्षीदार," म्हणून त्यांनी निबंध उचलला आणि गॅलरीत खुर्ची टाकून मोठ्यानं वाचायला लागले. "'तरुण रुग्ण लवकर बरे होऊन कामावर जातात. सात.' सात नंबर हजर करा."

मी अभिमानानं यादी वाचली. "सात. मृत्यूनंतर सांध्यांमध्ये होणारे बदल."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "साक्षीदार फुटला," ते म्हणाले.

संदर्भ ३. वकीलसाहेब. गॅलरी. उलटतपासणीच्या सुरात.

खरं तर त्याच वेळी सूनबाईला सांगायला हवं होतं. पण माणसाला मान असतो, आणि संगणकात 'सगळे बदला' नावाचं बटण असतं. या दोन गोष्टी एका घरात असू नयेत. बटणाचं काम सोपं आहे: सातच्या जागी एकतीस करा म्हटलं की निबंधातल्या सगळ्या सातांचे एकतीस होतात. मी केले. मग एकतीसचे अकरा करायचे होते. तेही केले. तेव्हा लक्षात आलं की आत्ताच एकतीस झालेले सातही त्यांच्या मागोमाग अकरा होऊन बसले. ते सोडवायला मी आणखी काही बटणं दाबली. ती कोणती, हे मला आज आठवत नाही आणि आठवून घ्यायची इच्छाही नाही.

संध्याकाळी सूनबाई आली. खांद्यावरची पिशवी न काढता, उभ्यानंच वाचायला लागली. ती पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेली तोपर्यंत मी दोनदा खोकलो.

"बाबा, इथं लिहिलंय की प्रत्येक पेशंटचे अकरा गुडघे तपासले."

"हो."

"त्यांची सरासरी उंची अकरा सेंटिमीटर."

"तिथेही आहे का?"

ती खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला निदान म्हणता येतं, ओरडतेस कशाला. पण शांत माणसासमोर आपली चूक पूर्ण उंचीची दिसते. तिच्याकडे आधीची प्रत होती, पण मासिकानं सांगितलेल्या दुरुस्त्या तिनं याच प्रतीत केल्या होत्या. आता दोन्ही प्रती शेजारी ठेवून प्रत्येक वाक्य, प्रत्येक आकडा, प्रत्येक मूळ लेख हातानं लावायचा होता. सहा दिवस गेले होते, चार उरले होते, आणि तिला रोज इस्पितळात जायचं होतं.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "मी बघते कसं जमतंय ते."

तिचं 'राहू द्या' मला रात्रीच्या जेवणात लागलं.

"आता तरी कार्डं काढा तुमची," ही म्हणाली. तिनं माळ्यावरचा डबा आधीच खाली काढून ठेवला होता. "एकतीस वर्षं तेच केलंत ना? संगणकाला कशाला हात लावायला गेलात?"

संदर्भ ४. आमची ही. समोरासमोर. या वेळी वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी जेवायच्या टेबलावर त्रेचाळीस कार्डं मांडली. एका कार्डाला एक लेख, त्यावर तो ज्या वाक्याला टेकू देतो ते वाक्य. हिनं दोन दिवस ताट मांडीवर घेतलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, जे तिच्या बाबतीत काळजीचं लक्षण असतं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बेचाळीस वाक्यं आपापल्या लेखाच्या घरी नांदायला गेली. राहिला एकोणिसावा.

एकोणिसावा संदर्भ महत्त्वाचा होता. 'लवकर हालचाल सुरू केलेल्या बासष्ट रुग्णांपैकी चौपन्न जण तीन आठवड्यांत पूर्ववत झाले,' या वाक्यामागे तो उभा होता आणि त्या वाक्यावर निबंधाचं एक अख्खं पान उभं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचा लेख. पहिलं पान दोनशे अकरा. शेवटचं पान मात्र सूनबाईच्या यादीत नव्हतं, आणि नियम म्हणतो की शेवटचं पान हवंच. त्याचा उल्लेख करणारे दुसरे तीन निबंध शोधले. एक म्हणे दोनशे चौदा, एक म्हणे दोनशे एक्केचाळीस, आणि एकानं सुरुवातच एकशे बारापासून केली होती.

"चौदा टाका," औषधवाले म्हणाले. "आमच्याकडेही एखादी गोळी संपली की त्याच घटकाची दुसरी देतो."

पण न पाहिलेलं पान मी आयुष्यात कार्डावर लिहिलेलं नाही. आणि तो जुना अंक एकाच ठिकाणी असायची शक्यता होती: सूनबाईच्याच इस्पितळात, चौथ्या मजल्यावर, ग्रंथालयात. तिच्याकडे एक शब्द टाकला असता तर तिनं चिठ्ठी दिली असती. पण 'राहू द्या' अजून पचलं नव्हतं. मी एकटाच गेलो.

दारावर रखवालदार. "कुठे?"

"ग्रंथालयात."

"डॉक्टर आहात? विद्यार्थी?"

"ग्रंथपाल आहे. म्हणजे होतो."

"आत फक्त डॉक्टर, विद्यार्थी आणि पेशंट. 'होतो' असा प्रकार नाही."

मी क्षणभर विचार केला. डावा गुडघा माझा गेली दोन वर्षं दुखतोच. खोटं काही बोलायचं नव्हतं. खिडकीवर जाऊन पेशंटचा कागद काढला, आत गेलो आणि सरळ जिन्याकडे वळलो, तर एका नर्सबाईंनी कागद बघितला, मला बघितलं आणि खांद्याला धरून बाकावर बसवलं. "गुडघा ना? मग जिना कुठे चढताय? बसा. चौसष्ट नंबर." तेव्हा एक्केचाळीस चालू होता. दोन तास मी लोकांचे गुडघे ऐकले.

"पुढचे," आतून आवाज आला. मी आत गेलो. टेबलामागे अर्थातच सूनबाई.

ती माझ्याकडे बघत राहिली. बाजूला नर्सबाई उभ्या होत्या, म्हणून दोघांनीही चेहरे सरळ ठेवले.

"काय होतंय?"

"डावा गुडघा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. पण एकोणिसाव्या संदर्भापासून जास्त. शेवटचं पान सापडत नाहीये. वरती असेल असं वाटतं."

तिनं माझा गुडघा वाकवला, दाबला, अगदी नीट तपासला. मग कागदावर लिहिलं आणि माझ्या हातात दिलं: 'जिने चढणे, हळूहळू. आज चौथा मजला, ग्रंथालय.' खाली सही, शिक्का.

"राहू द्या म्हटलं होतं ना, बाबा," ती हळूच म्हणाली.

"ऐकू कमी येतं मला," मी म्हणालो.

"तेही तपासून घेऊ. पुढचे."

जिन्यापाशी रखवालदारानं कागद दोन्ही बाजूंनी वाचला. औषधाविरुद्ध त्याला काही म्हणता येईना. "लिफ्ट आहे का?" मी विचारलं. "जिना लिहिलाय," तो म्हणाला.

चौथ्या मजल्यावर टेबलामागे स्वेटर घातलेल्या ग्रंथपालबाई. मी अंकाचं नाव सांगितलं तशा त्या उठून उभ्याच राहिल्या. "पन्नास वर्षांपूर्वीचा? तो कुणी मागत नाही."

"अहो, सगळे त्याचा संदर्भ देतात."

"संदर्भ देतात," बाई म्हणाल्या. "मागत कुणी नाही."

संदर्भ ५. ग्रंथपालबाई, चौथा मजला. वैयक्तिक संवाद. हे वाक्य खरं तर दारावर लावायला हवं.

बांधीव खंड आला. फडक्यानं पुसून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. झेरॉक्स बंद, फोटोला मनाई. वाचा आणि लिहून घ्या. शेवटचं पान दोनशे चौदा. कार्डावर लिहिलं, खाली रेघ मारली. काम संपलं होतं. पण जिने चार चढलो होतो, गुडघा उठू देईना, म्हणून बसल्या बसल्या लेख पहिल्यापासून वाचायला घेतला.

बासष्ट होते. चौपन्न बरे झाले होते. तीन आठवडेही बरोबर. सगळं जुळत होतं. दुसऱ्या पानावर त्यांचं वर्णन होतं: नर, पांढरे, वजन प्रत्येकी अडीच किलो. खाणं, पाला.

मी ते पुन्हा वाचलं. मग ग्रंथपालबाईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा बदलून वाचलं.

"ससे आहेत हे," त्या म्हणाल्या.

पन्नास वर्षांत कधीतरी कुणीतरी 'बासष्ट ससे' ऐवजी 'बासष्ट जण' लिहिलं असणार. पुढच्यानं मूळ लेख न बघता त्या जणांचे रुग्ण केले. त्यापुढचे सगळे त्याच्यावरून लिहीत आले.

घरी आलो तेव्हा सूनबाई नुकतीच आली होती. मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते वाचलं, खाली बसली आणि विभागप्रमुखांना फोन लावला. निबंधावर त्यांचंही नाव होतं. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सर, एकोणिसाव्या संदर्भातले बासष्ट पेशंट ससे आहेत."

"सगळे?"

"बासष्टच्या बासष्ट."

"अगं, वीस वर्षं मी स्वतः देतोय तो संदर्भ."

"सर, ते पान नव्यानं लिहावं लागेल."

"उद्या पाचला मुदत संपतेय. पान बदलशील, मग निष्कर्ष बदलशील, मग बैठक हुकेल. आहे तसं जाऊ दे. पन्नास वर्षांत कुणी बघितलं नाही, आता कोण बघतंय?"

सूनबाईनं माझ्या कार्डाकडे बघितलं. टिंब नाही, अर्धविरामानंतर जागा नाही, खाली रेघ.

"बाबांनी बघितलंय, सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. सकाळपासून टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. ती वाक्य वाचायची, मी कार्ड काढून आकडा सांगायचो, ती लिहायची. संगणकाला मी हात लावला नाही. ही मधेच येऊन बघून जायची की लावत नाहीये ना. पान बदललं. 'सशांमध्ये असे दिसते, माणसांत ते आमच्या रुग्णांवरून प्रथमच तपासले आहे,' असं झालं. मला त्यातलं कळत नाही, पण आधी सूनबाई दुसऱ्याच्या बासष्ट जणांमागे उभी होती, आता ती पुढे आली, एवढं दिसलं. साडेचारला पाठवायला घेतलं तर मासिकाच्या संकेतस्थळानं विचारलं: सर्व लेखकांची संमती आहे का? विभागप्रमुखांना निरोप गेला. पावणेपाच झाले. दहा कमी झाले. हिनं चहा आणला, तो कुणी प्यालं नाही. पाचला सात मिनिटं कमी असताना त्यांचा दोन शब्दांचा निरोप आला.

संदर्भ ६. विभागप्रमुख. लेखी. संपूर्ण मजकूर: 'ससे ठीक.'

निबंध स्वीकारल्याचं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी आलं. परीक्षकानं लिहिलं होतं की त्यानं स्वतः तीन निबंधांत त्या सशांना रुग्ण केलं होतं आणि आपल्या उतारवयात ही बातमी थोडी आधी मिळती तर बरं झालं असतं. सूनबाई कायम झाली. वकीलसाहेब येऊन म्हणाले, निर्दोष मुक्तता. औषधवाल्यांनी गुडघ्याला लावायला एक मलम दिलं. नाव ओळखीचं वाटलं. माझ्या यादीतून काढलेल्या तीन मलमांपैकीच एक होतं.

छापील अंक आला त्या दिवशी सूनबाईनं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि उगाचच आत निघून गेली. एकोणिसावा आकडा होता, त्यामागे कंस होता. लेख तिनं स्वतः पाहिलेला नव्हता. नियमावलीप्रमाणे जे खरं ते लिहायचं. कंसात लिहिलं होतं: मूळ लेख प्रत्यक्ष पाहिला. मग माझं आडनाव. मग माझी आद्याक्षरं. मग: वैयक्तिक संवाद.

मी हिला हाक मारली. तिनं हात पुसले, पान उजेडात धरलं आणि ते कंसातलं चार वेळा वाचलं.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "पण टिंबं खाल्लीत यांनी. फोन करा."

"या मासिकात टिंब देत नाहीत," मी म्हणालो.

"मग राहू द्या," ती म्हणाली, आणि अंक परत माझ्याकडे द्यायचा सोडून आत घेऊन गेली.

मी त्या पानाचं एक कार्ड लिहिलं आणि माळ्यावरून काढलेल्या डब्यात त्याच्या जागी ठेवलं. अकारविल्हे. तिथे कुणाची हरकत नव्हती.